खाली गोळ्या ठेवल्यात

१

त्या खोलीत जिवंत असं काहीच नव्हतं.

वाचायला साधं वाक्य आहे, पण माझ्या धंद्यात ते अंगावर काटा आणतं. लोकांच्या घरात चोरून राहणाऱ्यांना हुडकण्यात माझी उमर गेली. माणूस जिथे राहतो तिथे आणखी कुणी ना कुणी राहतंच. फळीमागे झुरळ असतं, चौकटीत वाळवी असते, छताच्या कोपऱ्यात कोळी असतो. घर कितीही घासा, हे भाडेकरू जागा सोडत नाहीत. कुठली कीड आहे, कुठून येते, तिला कशी हुसकायची आणि त्याआधी घरातलं काय काय हलवायचं, याची योजना आखून देणं हे माझं काम. नवरा मला लाडाने ढेकूणबाई म्हणायचा, आता गिऱ्हाइकंही म्हणतात. मला राग येत नाही. ढेकूण चावतो, पण खोटं बोलत नाही.

इथे मात्र सगळेच मेलेले होते. बंद खिडकीच्या काचेला नाक लावून एक पाल वाळून गेली होती. पलंगाच्या पायापासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग होती, अगदी शिस्तीत, आणि तिच्यातली एकही मुंगी हलत नव्हती. मी हलकेच फुंकर मारली तर रांगेचं एक टोक धुळीसारखं उडालं. भिंतीवरचं घड्याळ बंद होतं, आणि त्याच्या काचेआड एक झुरळ उताणं पडलं होतं. पलंगाच्या उशाशी औषधांचं दोन फळ्यांचं छोटं कपाट, आणि त्याच्यावर एक पितळी घंटा. आजारी माणसं हाक मारायला ठेवतात तसली. घंटा काळी पडली होती.

"इथे कधी औषध फवारलं होतं का?" मी विचारलं.

"नाही," दारातली म्हातारी म्हणाली. कुलूप तिनेच काढून दिलं होतं, पण ती स्वतः उंबरा ओलांडत नव्हती. "इथे आमच्या घरचे गेले. गेल्या थंडीत. त्या दिवसापासून थोरल्याने कुलूप घातलंय. एक किल्ली माझ्यापाशी आहे, ते त्याला माहीत नाही. दुपारी मी इथे दाराशी येऊन बसते."

"एकट्याच?"

"एकटी कशी? ते बोलावतात ना."

उगाच काहीतरी करायचं म्हणून मी घंटा उचलली आणि तिची जीभ बोटांनी धरून ठेवली, वाजू नये म्हणून. म्हातारीने ओठांवर बोट ठेवलं.

*टिंग.*

आवाज खोलीतून आला होता, आणि घंटा तर माझ्या मुठीत गप्प होती.

२

मी काही भुताबितांना मानणारी नाही. पण घंटा खाली ठेवण्याआधी मी तिची जीभ पुन्हा दोनदा चाचपून पाहिली, हे सांगायला लाजण्याचं कारण नाही.

मला बोलावलं होतं थोरल्या मुलाने. धान्याचा घाऊक व्यापार. खालच्या मजल्यावर कोठार, वर घर. सगळे त्याला दादा म्हणत. लग्न केलं नव्हतं, आणि धान्याशीच संसार थाटलाय अशी त्याची चेष्टा अख्खी बाजारपेठ करायची. कोठारात गव्हाला सोंडकिडे लागले होते, पोत्यांच्या मागे उंदीर होते, आणि कीड जिना चढून स्वयंपाकघरापर्यंत आली होती.

"सगळं घर धरा," तो सकाळीच म्हणाला होता. "फक्त पुढची खोली सोडा."

"एक खोली सोडून कीड जात नाही, दादा. उरलेली सगळी तिथे जाऊन बसते."

"तिथे काही नाही. ती स्वच्छ आहे."

एवढं बोलून तो वजनं मोजायला वळला. चार-सहा महिने बंद पडलेली खोली स्वच्छ आहे, हे याला कसं ठाऊक? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणून तर मी म्हातारीला गाठलं होतं.

मी बाहेर येताच तिने दार ओढून घेतलं आणि दाराशीच बसली. मीही बसले.

"ऐकलंत ना? पोरं म्हणतात, आईला भास होतात. तुम्हाला कसा होईल माझा भास?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडावर जिंकल्याचा आनंदही होता. "त्या रात्री मी घरी नव्हते हो. भावाकडे गेले होते, धाकट्याला घेऊन. दादा माल आणायला बाहेरगावी. घरात हे आणि धाकटी सून, दोघंच. सकाळी हे उठलेच नाहीत. घंटा जमिनीवर पडलेली. वाजवली असणार, आणि कुणीच आलं नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदय. वय झालं होतं." ती थांबली. "पण धाकटी म्हणते, तिने चुकीच्या गोळ्या दिल्या. तीच म्हणते. आम्ही कुणी म्हटलं नाही तिला."

"मग तुम्ही काय म्हणता?"

म्हातारीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "येत्या रविवारी ती माहेरी जातेय. कायमची."

३

खाली कोठारात दुपारची सुट्टी होती. दादा जेवायला वर गेला होता. माल तोलणारे काटेवाले काका मात्र भल्या मोठ्या तराजूखाली फडकं घेऊन बसले होते. छतापासून साखळ्यांवर लोंबणारी दोन पितळी पारडी होती. काका ती अशी पुसत होते की जणू नातवाला न्हाऊ घालतायत.

"इथे धुरी कधी दिली होती शेवटची?" मी विचारलं. धान्याच्या कोठारात कीड मारायला विषारी वायू सोडतात, त्याला आमच्यात धुरी म्हणतात. दारं-खिडक्या कागदाने चिकटवून बंद करायच्या, पोत्यांमध्ये गोळ्या ठेवायच्या. हवेतल्या ओलीने त्या गोळ्यांमधून वायू सुटतो, आणि मग त्या जागेत जीव म्हणून उरत नाही. माणसाचाही.

"म्हातारेबुवा दर हंगामाला द्यायचे. मग दादा देऊ लागले. यंदा नाहीच दिली. मी किती वेळा म्हटलं, दादा, किड्यांनी गहू नाचतोय. तर तोंड फिरवतात. आता तुम्हाला बोलावलंय म्हणजे नवलच."

मी खिडकीपाशी गेले. फटींवर कागदाच्या पट्ट्या फाडल्याच्या खुणा होत्या. जुन्या पिवळ्या थरांवर एक थर जरा पांढरा होता. सगळ्यात वरचा.

"पारडं एका बाजूने काळं का हो?"

काकांना कुणीतरी दुखरी नस दाबल्यासारखं झालं. "विचारू नका! असं आरशासारखं ठेवून सुट्टीवर गेलो होतो. परत येऊन बघतो तर काळं ठिक्कर. घासून घासून बोटं गेली, अजून निघत नाही."

"कुठली सुट्टी?"

"तीच की. म्हातारेबुवा गेले ती. ते गेले आणि पितळसुद्धा काळवंडलं बघा. घराला काहीतरी लागलंय, बाई."

तेवढ्यात पोत्यांच्या थप्पीवरून एक उंदीर पारड्यात उतरला, सांडलेले दाणे तोंडात घेतले आणि परत उडी मारली. साखळी पारड्यावर आपटली.

*टिंग.*

मी वर पाहिलं. तराजूच्या वर, छतात, फळ्यांचा एक चौकोन होता. बाकीचं छत विटांचं होतं, तेवढाच चौकोन लाकडी. आणि मनात घराचा नकाशा मांडला तर त्याच्या बरोबर वर म्हाताऱ्याचा पलंग येत होता.

४

जिन्यात धाकटा भेटला. चांगला दिसणारा, पण झोप नसलेला माणूस.

"माहेरी पाठवताय म्हणे बायकोला," मी म्हटलं. मला गोल गोल फिरवून बोलता येत नाही.

"पाठवत नाहीये. तीच जातेय." तो कठड्याकडे बघत बोलत होता. "माझा तिच्यावर काही राग नाही. चूक कुणाकडूनही होते."

"तुम्ही जेवलात?"

"हो."

"कुणी वाढलं?"

त्याने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. स्वतःचं ताट स्वतः वाढून घेणारा नवरा माझ्या घरी असता तर मी नारळ फोडला असता. पण इथे ते कौतुकाचं लक्षण नव्हतं.

धाकटी स्वयंपाकघरात होती. वय ते काय, लग्नाला वर्षही झालं नसेल. मी पाणी मागितलं तर तिने पेला विसळून माठाशेजारी ठेवला आणि बाजूला झाली. "तुम्हीच घ्या. माझ्या हातचं इथे कुणी घेत नाही."

"मी या घरातली नाही. दे भरून."

तिने भरून दिला. पेला माझ्या हातात येईपर्यंत ती श्वास रोखून होती. मला त्या क्षणी त्या घरातल्या सगळ्यांचा संताप आला, म्हातारीचासुद्धा. कपाटाशेजारी तिची बॅग भरून तयार होती.

"काय झालं त्या दिवशी? मला किड्यांशिवाय काही कळत नाही, पण सांग."

तिने बॅगेची चेन उगाच उघडून परत लावली. मग एकदा सुरू झाली ती थांबलीच नाही.

"बाबांची सगळी औषधं आई द्यायच्या. त्या गावाला गेल्या तेव्हा मला सांगून गेल्या, वरच्या फळीवरच्या दोन, जेवणानंतर. मी दिल्या. मग दादांचा फोन आला, ते गाडीत होते, आवाज तुटत होता. म्हणाले, खाली गोळ्या ठेवल्यात, बाबांचं बघ. मी पाहिलं तर खालच्या फळीवर झोपेच्या गोळ्या होत्या. मला वाटलं, त्या द्यायच्या राहिल्या. म्हणून त्याही दिल्या. बाबा म्हणाले, कशाला गं, आज झोप येतेय. मी म्हटलं, दादांनी सांगितलंय. मग घेतल्या बिचाऱ्यांनी." तिने नाक पुसलं. "खूप गार वारा होता. मी खिडकी नीट लावली, पांघरूण घातलं, आणि मागच्या खोलीत जाऊन झोपले."

"आणि सकाळी?"

"सकाळी मलाच ओकाऱ्या होत होत्या. डोकं ठणकत होतं. तशीच चहा घेऊन गेले. खोलीत लसणाचा वास भरून राहिला होता. घरात लसूण नव्हताच, संपला होता. आई म्हणतात, तो वास म्हणजे बाबांना न्यायला आलेलं..." तिने वाक्य सोडून दिलं. "मी दादांना फोन केला. ते वाटेतच होते, लगेच आले."

"आल्यावर आधी काय केलं त्यांनी?"

"आधी खाली गेले. कोठाराची सगळी दारं उघडली. मग वर आले." ती क्षीण हसली. "त्यांचा जीव धान्यातच असतो. सगळे चेष्टा करतात."

पेला माझ्या ओठांशी तसाच राहिला. खून झालेला नव्हता. पण या मुलीशी त्या घरातल्या एका माणसाने जे केलं होतं, त्याला मला दुसरा शब्द सापडेना.

५

मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. दादा दारातच अडला.

"ही खोली प्लॅनमध्ये नाही असं सांगितलं होतं मी."

"प्लॅन मी करते, दादा. आत या. पलंग सरकवायला मदत लागेल."

तो हलला नाही. शेवटी धाकटा पुढे झाला आणि आम्ही दोघांनी पलंग ओढला. खाली फळ्यांचा चौकोन होता, त्याला लोखंडी कडी. भोवती मेलेल्या किड्यांचा सडा पडला होता, इतका की फळ्यांचा रंग दिसत नव्हता. फळ्यांच्या फटीतून खालचा उजेड येत होता.

"याच्यातून पूर्वी पोती वर ओढायचे," म्हातारी उंबऱ्याबाहेरून म्हणाली. "पलंग आला तेव्हापासून विसरलेच होते मी."

"आता गप्प उभे राहा," मी म्हटलं.

आम्ही उभे राहिलो. खाली उंदीर त्याच्या वेळेने आला असावा. *टिंग.* आवाज पायाखालून इतका स्पष्ट आला की धाकटीने तोंडावर हात घेतला.

"ही तुमची घंटा, आई. तराजूची साखळी आहे. उंदीर वाजवतो."

म्हातारीचा चेहरा उतरला. तिचं मोडलेलं मन मला दिसत होतं, पण थांबून चालणार नव्हतं.

"आवाज येतो तिथून हवाही येते. आता बघा. धाकटीला वाटतं की तिने चुकीच्या गोळ्या दिल्या आणि बाबा गेले. ठीक आहे. गोळीने माणूस मरेल. पण ही पाल? तिला कुणी गोळी दिली? या मुंग्यांना? घड्याळात बसलेल्या झुरळाला? एका रात्रीत या खोलीतलं सगळं मेलं, आणि सगळं खिडकीकडे पळताना मेलं. म्हणजे मरण या फळ्यांमधून वर आलं. ती घंटा काळी पडली आणि खालचं पारडं काळं पडलं, त्याच दिवसांत. घड्याळ बंद पडलं, कारण त्याच्या आत तांबं-पितळ आहे. लसणाचा वास आला, घरात लसूण नसताना. मागच्या खोलीत झोपलेल्या मुलीलाही सकाळी ओकाऱ्या झाल्या. कोठारात धुरी दिली की यातलं प्रत्येक होतं. आणि बाबांना वास आला नाही."

"त्यांचं नाक धान्याच्या धुळीने कधीच गेलं होतं," म्हातारी पुटपुटली.

"धुरी दिलीच नव्हती," धाकटा म्हणाला. "काटेवाले सांगतील."

"काटेवाले सुट्टीवर होते. खिडकीवरचा कागदाचा थर नवा आहे. आणि वडील गेल्याचा फोन आल्यावर जो मुलगा आधी कोठाराची दारं उघडतो, त्याला धान्याची काळजी नसते. त्याला आत काय आहे ते माहीत असतं."

कुणी दादाकडे बघत नव्हतं, आणि म्हणूनच सगळे बघत होते.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता. "न सांगता गेलो नव्हतो मी. घर जवळजवळ रिकामंच होतं, म्हटलं उरकून टाकू. बाबा बाजारात गेले होते. निघायची घाई झाली. वाटेत आठवलं की बाबांना सांगायचं राहिलं. म्हणून फोन केला. सांगितलं होतं मी!"

"कोणत्या शब्दांत?"

"नेहमीच्याच." त्याने डोळे मिटले. "खाली गोळ्या ठेवल्यात. बाबांचं बघ."

म्हातारी भिंतीला टेकली. "हे असेच ओरडायचे जिन्यातून," ती हळूच म्हणाली. "'खाली गोळ्या ठेवल्यात!' की मी पोरांना उचलायची, खिडक्या सताड उघडायची आणि सगळे मागच्या खोलीत. सगळा संसार तसाच झाला माझा. पण ही पोर नवी. हिच्या माहेरी कोठार नाही. हिला कोण सांगणार?"

६

धाकटीने सगळ्यांत शेवटी तोंड उघडलं.

"दादा, तुम्ही वर आलात तेव्हा मी तुमचे पाय धरून रडले होते. म्हणाले होते, मीच दिल्या गोळ्या, मीच दिल्या. तुम्हाला तेव्हा कळलं?"

"लगेच कळलं."

"मग?"

"तोंड उघडणारच होतो. तेवढ्यात माणसं जमली. मग म्हटलं, उद्या सांगू. उद्या आईकडे बघवेना. मग तू पुन्हा तेच म्हणालीस, सगळ्यांसमोर, आणि..." तो जमिनीवरच्या किड्यांकडे बघत होता. "तू म्हणत होतीस, म्हणून मला म्हणावं लागलं नाही. त्यानंतर रोज उशीरच होत गेला. पण गोळ्यांच्या डब्याला परत हात लावला नाही गं मी. कोठार किड्यांनी भरलं तरी नाही."

धाकटा भावाच्या अंगावर धावून गेला असता, पण अर्ध्या वाटेत त्याला आपल्या स्वतःच्या ताटाची आठवण झाली असावी. तो मध्येच थांबला, आणि बायकोकडे बघण्याची हिंमत त्याला झाली नाही.

"मी सकाळी चौकीत जाऊन सगळं सांगतो," दादा म्हणाला.

"सकाळी नाही. आता," मी म्हटलं. "उशीर पुरे झाला."

तो गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ वाजत राहिली. मला वाटलं होतं, आता ती पोर रडेल, किंवा सुटकेचा श्वास सोडेल. तिने तसं काही केलं नाही. ती खिडकीपाशी गेली, काचेला चिकटलेल्या पालीकडे बघत उभी राहिली.

"पण खिडकी मीच लावली ना?" ती म्हणाली. "उघडी असती तर?"

माझ्याकडे उत्तर होतं. धंद्यातलं उत्तर. उघडी खिडकी पुरली असती की नाही, हे मी सांगू शकले असते, आणि ते तिच्या काही कामाचं नव्हतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली, की हा प्रश्न आता या घरात राहील, आणि त्याला मारायचं औषध माझ्याकडे नाही.

मग म्हातारीने उंबरा ओलांडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मेलेल्या मुंग्यांवरून चालत ती आली, खिडकीची कडी काढली आणि दोन्ही तावदानं उघडली. वाळलेली पाल बाहेर पडली. रस्त्यावरचा आवाज आत आला.

"म्हाताऱ्याला वारा लागू नये म्हणून लावलीस," ती म्हणाली. "बोलणाऱ्याने नीट सांगितलं नाही, तर मीही लावलीच असती." मग माझ्याकडे वळून, "ते फळ्यांचं भोक बुजवून टाका. धुरी द्याल तेव्हा घरात कुणी थांबणार नाही. आणि सांगाल ते पूर्ण सांगा. आमच्यासारखं अर्धं नाही."

"पूर्ण सांगेन."

"मग घंटा वाजायची नाही आता."

"नाही, आई."

तिने मान हलवली. तेवढंच तिचं उरलं होतं, आणि तेही मीच नेत होते. ती नवऱ्याच्या पलंगावर बसली. दमली होती. धाकटी अजून खिडकीपाशी उभी होती, हात पाठीमागे धरून, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"धाकटे," म्हातारी म्हणाली. "माझ्या गोळ्या दे."

धाकटा दारात होता, त्याने मान खाली घातली.

"कुठल्या, आई?" पोरीने हात पाठीमागून पुढे घेतले. "नीट सांगा."

"स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. रक्तदाबाच्या. पांढऱ्या, छोट्या," म्हातारी एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "एक. आणि पाणी तुझ्या हातचं आण."